वस्तीतलं समाजकेंद्र : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईच्या एम पूर्व वॉर्डातल्या एका वस्तीत आमचं दोन खोल्यांचं केंद्र आहे. व्हॉट्सॲपवर, पालकसभेत आणि सगळ्यात जास्त म्हणजे दारात चपला काढता काढता लोक जे विचारतात, ते इथे एकत्र केलंय. एकच गोष्ट दोनदा सांगायला नको म्हणून जिथे दुसऱ्या उत्तराशी संबंध येतो तिथे त्या प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. समाजकेंद्र म्हणजे नक्की काय? क्लास, एनजीओचं ऑफिस की समाजमंदिर?

क्लासला फी भरणारा विद्यार्थी येतो. अंगणवाडीत सहा वर्षांच्या आतलं मूल येतं, व्यायामशाळेत पोरं, महिला मंडळात बायका. केंद्रात मात्र एकाच घरातली चार माणसं चार वेळांना येतात. धाकटा तीन वाजता चित्र काढायला, आई त्याआधी शिवणाला, मोठी ताई रात्री अभ्यासिकेत आणि बाप रविवारी रेशनकार्डातलं नाव दुरुस्त कसं करायचं ते विचारायला. त्यामुळे मुलाच्या गणिताच्या मार्कांचा बापाच्या सुटलेल्या नोकरीशी काय संबंध आहे, हे आम्हाला शाळेच्या आधी कळतं.

समाजमंदिर ही वास्तू झाली. वर्षातून चार वेळा उघडत असेल तर ते केंद्र नव्हे. आणि सोसायटीच्या जिन्याखालची जागा रोज संध्याकाळी पाच वाजता झाडून चटई घातली जात असेल, तर तिला आम्ही खुशाल केंद्र म्हणू.

२. ही कल्पना परदेशातून आलीय ना?

नाव आणि पद्धत बरीचशी तिकडची. लंडनच्या ईस्ट एंडमध्ये १८८४ साली टॉयन्बी हॉल सुरू झाला. शिकलेल्या तरुणांनी गरीब वस्तीत नुसती मदत पोचवायची नाही, तिथे राहायला जायचं, ही त्यामागची कल्पना. ते पाहून परतलेल्या अमेरिकन समाजसेविका जेन ॲडम्स यांनी एलन गेट्स स्टार यांच्यासोबत १८८९ साली शिकागोत हल हाउस काढलं. आजूबाजूला युरोपातून आलेली कामगार कुटुंबं होती. त्यांच्यासाठी बालवाडी, पाळणाघर, इंग्रजीचे वर्ग, नाटक, व्यायामशाळा असं एकेक वाढत गेलं. ॲडम्स यांना १९३१ साली शांततेचं नोबेल मिळालं.

पण मुंबईलाही स्वतःचा इतिहास आहे आणि तो इथल्याच पोरांना माहीत नसतो. कामगार नेते ना. म. जोशी यांनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग काढली आणि गिरणगावात रात्रशाळा, वाचनालयं चालवली. पुढे अमेरिकन मराठी मिशन या ख्रिस्ती संस्थेचे क्लिफर्ड मॅनशार्ट शिकागोत शिकून मुंबईत आले आणि १९२६ साली भायखळ्याजवळ नागपाडा नेबरहुड हाउस उभं राहिलं. हे काम करायला शिकलेली माणसं लागतात आणि ती शिकवणारी शाळा देशात नाही, हे तिथल्या अनुभवातूनच पुढे आलं. म्हणून १९३६ साली नागपाड्यातच सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं. १९४४ साली त्याचं नाव टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झालं आणि १९५४ साली संस्था देवनारला आली. म्हणजे ज्या ‘टिस’चे विद्यार्थी आज गोवंडीच्या गल्ल्यांत फील्डवर्कला येतात, तिचाच जन्म एका वस्तीतल्या केंद्रात झाला. नवीन बॅच आली की आम्ही हे त्यांना हटकून ऐकवतो. पहिल्या दिवशी जरा दबकून असतात, तेवढंच बरं वाटतं.

सरकारी बाजूही आहे. १९५३ च्या कायद्याखाली स्थापन झालेलं महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळ राज्यभर कामगार कल्याण केंद्रं आणि ललित कला भवनं चालवतं. शिशुमंदिर, शिवणवर्ग, अभ्यासिका, नाट्यस्पर्धा सगळं तिथे चालतं. तुमच्या पगाराच्या चिठ्ठीवर जून आणि डिसेंबरमध्ये ‘एलडब्ल्यूएफ’ नावाची छोटी कपात दिसते ना, ती याच मंडळाच्या निधीत जाते. पैसे तुमचेही आहेत, तर जवळचं केंद्र शोधून जरूर जा.

आणि यातलं कुठलंही नाव नसताना चाळीतलं गणेशोत्सव मंडळ, कबड्डीचा संघ, आखाडा आणि कोकणातल्या एकेका गावाने गिरणगावात धरलेली खोली हे काम करतच होती. गावाहून आलेल्या पोराला पथारी पसरायला जागा, नोकरीसाठी शब्द आणि चुकला तर कान पिळणारा कुणीतरी, हे सगळं त्या खोलीत मिळायचं.

३. कोण येऊ शकतं? आम्ही पलीकडच्या गल्लीत राहतो.

या. सहा ते पंचवीस वयाची मुलंमुली आणि त्यांच्या घरचे, एवढीच आमची आखणी. सहाच्या आतल्या मुलांसाठी अंगणवाडी आहे. आम्ही तिच्याशी स्पर्धा करत नाही, उलट तिकडे नाव घालायला लावतो. खाऊ, लसीकरणाच्या नोंदी आणि वजनाचा तक्ता तिथे असतो.

४. फी किती?

रोजच्या गोष्टींना काही नाही. शिवणवर्ग आणि संगणकाच्या वर्गाला महिन्याची छोटी रक्कम घेतो, कारण अगदी फुकट ठेवलं तेव्हा नावं पन्नास आली आणि माणसं बारा. रक्कम जमत नसेल तर केंद्रातल्या ताईंना बाजूला घेऊन सांगा, यादीत नाव सगळ्यांसारखंच लिहिलं जातं.

५. आधार कार्ड, रेशनकार्ड, भाडेकरार काय काय लागेल?

काहीच नाही. वहीत मुलाचं नाव, शाळा, घरच्या एका मोठ्या माणसाचा चालू मोबाइल नंबर आणि तब्येतीची काही अडचण असेल तर तेवढी लिहून घेतो. फिट येते, दमा आहे, कशाची ॲलर्जी आहे हे मात्र लपवू नका.

याच प्रश्नाला जोडून येणारा दुसरा : कागद नाहीत म्हणून शाळेने प्रवेश नाकारला. शिक्षणहक्क कायदा (२००९) सहा ते चौदा वयाच्या मुलाला वयाचा दाखला नाही म्हणून परत पाठवायला मनाई करतो. शाळेत जाताना आमच्यातलं कुणीतरी सोबत येईल. बऱ्याचदा कायद्याचं कलम काढावं लागत नाही, दोन माणसं खुर्चीत बसली की अर्ज मिळतो.

६. केंद्र किती वाजता उघडतं? आणि रात्री अकरानंतर का नाही?

सकाळी सात ते दहा अभ्यासिका, दुपारी एक ते तीन बायकांचे वर्ग, तीन ते पाच लहान मुलं, पाच ते साडेसात खेळ, आठ ते अकरा पुन्हा अभ्यासिका. बायकांचा वर्ग आधी अकरा वाजता होता. महिनाभर कुणी फिरकलं नाही, तेव्हा कळलं की त्या गल्लीत पाण्याची वेळ तीच. वेळापत्रक आम्ही ठरवतो असं वाटतं, खरं तर ते नळ ठरवतो.

अकरानंतर बंद, कारण किल्ली सांभाळणारी माणसंही माणसंच आहेत. मार्चमध्ये दहावी-बारावीसाठी रात्री एकपर्यंत उघडं असतं, पण तेव्हा मुलींना घरापर्यंत पोचवायला जोडी ठरलेली असते.

किल्लीवरून सांगायचं तर, एका वर्षी आमचा एक दादा शिमग्याला गावी गेला आणि किल्ली त्याच्या पँटच्या खिशात कोकणात पोचली. चार दिवस दार बंद. पाचव्या दिवशी मुलगे आले, नव्याने यायला लागलेल्या मुली आल्या नाहीत. घरच्यांना ‘बघ, तिथे काही खरं नाही’ म्हणायला निमित्त पाहिजेच होतं. त्यांना परत आणायला दिवाळी उजाडली. तेव्हापासून किल्ल्या तीन आहेत. त्यातली एक समोरच्या पिठाच्या गिरणीवाल्या काकांकडे असते, कारण ते गिरणी सोडून कुठे जात नाहीत.

७. मुलं-मुली एकत्र बसतात का? आमच्या घरी चालणार नाही.

लहान मुलं एकत्र असतात. अभ्यासिकेत एकच खोली आहे, पण मुलींच्या दोन चटया दाराजवळ, पंख्याखाली असतात आणि ती जागा त्यांची म्हणून ठरलेली आहे. मंगळवार आणि शुक्रवारी खेळाची वेळ फक्त मुलींची. त्या वेळी दारात उभं राहून बघणाऱ्यांना हाकलायचं काम मुलग्यांच्याच गटाकडे दिलंय. पहिल्या आठवड्यात त्यांना स्वतःच्याच मित्रांना हाकलावं लागलं.

खरा प्रश्न सातवीनंतर सुरू होतो. मुलगी मोठी झाली, आता बाहेर कशाला, असं घरात ठरतं आणि ती एक दिवस यायची बंद होते. आम्ही तेव्हा मुलीशी बोलत नाही, आधी आईकडे जातो. तेही भाषण द्यायला नव्हे. आईला शिवणवर्गात बोलावतो. ती स्वतः आठ दिवस येऊन बसली, कोण येतं-जातं, शौचालयाची कडी लागते का, हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की पुढचं बोलणं ती घरात आमच्यापेक्षा चांगलं करते. आणि कडीचं हसण्यावारी नेऊ नका. आमच्याकडे मुलींची संख्या ज्या महिन्यात वाढली, त्या महिन्यात आम्ही एवढंच केलं होतं : शौचालयाला आतून नवी कडी, एक बादली आणि झाकणाचा डबा.

८. कॅरम खेळून काय होणार? त्यापेक्षा अभ्यास घ्या.

हा प्रश्न बहुतेक वेळा वडील विचारतात, आणि दहा मिनिटांनी स्वतःच स्ट्रायकर हातात घेतात.

अभ्यास घेतो. पण पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा ‘मला काहीतरी सांगायचंय’ असं म्हणून खुर्चीत बसत नाही. बोर्डावर पावडर टाकून, सोंगट्या मांडून, नजर राणीवर ठेवूनच तो ‘दादा, पप्पा घरी येत नाहीत आजकाल’ असं म्हणतो. समोरासमोर बसवून विचारलं असतं तर म्हणाला असता, सगळं ठीक आहे.

खेळाने वस्तीची ओळख कशी बदलते हे पाहायचं असेल तर नागपाड्याकडे बघा. वर्तमानपत्रात त्या भागाचं नाव वेगळ्याच कारणांनी यायचं, पण बास्केटबॉलवाल्यांना विचारलंत तर ते तिथल्या कोर्टांची आणि तिथून भारतीय संघापर्यंत गेलेल्या खेळाडूंची नावं घेतील.

९. मुलाने नववीत शाळा सोडली. आता काही होऊ शकतं का?

होऊ शकतं, आणि वाटा एकापेक्षा जास्त आहेत. लोकांची गडबड होते ती यातली कुठली निवडायची इथे.

शाळा सोडून एखादंच वर्ष झालंय आणि दिवसा काम करतोय, तर आधी रात्रशाळा बघा. मुंबईत अजून आहेत, शिक्षक असतात, वर्ग भरतो, सवय मोडत नाही. वर्गात बसणं शक्यच नाही, तर राज्य मंडळाचा खासगी विद्यार्थ्याचा अर्ज, म्हणजे सगळे ज्याला ‘१७ नंबर फॉर्म’ म्हणतात तो. परीक्षा आणि प्रमाणपत्र राज्य मंडळाचंच, फक्त अभ्यास स्वतःचा स्वतः. हा अर्ज बारा महिने मिळत नाही, साधारण पावसाळ्यात सुटतो. ‘जानेवारीत भरू’ म्हणणाऱ्यांचं वर्ष जातं. सगळे विषय एकदम झेपणार नाहीत अशी भीती असेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालय. तिथे वर्षातून दोनदा परीक्षा असते आणि विषय एकेक करून सोडवता येतात.

बहुतेक ठिकाणी लागणारा आणि नेमका हरवलेला कागद म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. आधी तो काढून आणा. शाळेची बाकी राहिलीय म्हणून दाखला अडवला असेल तर तसं सांगा, आम्ही पत्र घेऊन जाऊ.

कामाबद्दलही विचारलं जातं. चौदाच्या आतल्या मुलाला कामावर ठेवता येत नाही. शाळेनंतर घरच्या बिनधोक धंद्यात हातभार आणि बालकलाकाराचं काम एवढीच काय ती सवलत. चौदा ते अठरा वयाला धोक्याची कामं बंद आहेत. गॅरेज, भंगार, केमिकलचे डबे धुणं इथे ‘शिकतोय’ या नावाखाली पोरगं राबत असेल तर आम्हाला कळवा.

१०. नोकरीला लावता का?

नोकरी आमच्याकडे नाही. अर्ज भरून देणं, आयटीआयच्या प्रवेशाच्या तारखा फळ्यावर लिहिणं, मुलाखतीची तालीम आणि इस्त्री, एवढं आहे. इस्त्री म्हणजे खरोखरची इस्त्री. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं उठलेली असताना शर्टाला इस्त्री करायला जागा नसते.

११. माझा भाऊ नशा करतो. तो आला तर आत घ्याल?

नशेत असताना नाही, उतरल्यावर हो. दारात कुणी व्हाइटनर ओढून किंवा ‘बटण’ म्हणजे नशेची गोळी खाऊन आलं तर आत लहान मुलं असतात, तिथे तडजोड नाही. पण हाकलूनही देत नाही. बाहेरच्या बाकड्यावर बसवतो, पाणी देतो, शुद्ध हरपतेय असं वाटलं तर तडक दवाखाना. दुसऱ्या दिवशी तोच मुलगा आला तर कालचा विषय सगळ्यांसमोर निघत नाही.

सोडवायचं काम आमच्या आवाक्यातलं नाही, हे आम्ही दोनदा तोंडावर आपटून शिकलो. सायन, केईएम, नायर या रुग्णालयांच्या मानसोपचार विभागात घेऊन जातो. पहिल्या तीन खेपांना सोबत, मग घरच्यांनी. व्यसनमुक्तीसाठी सरकारी हेल्पलाइन १४४४६ आहे, मन फार खचलं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६. दोन्ही नंबर दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेत, बाहेरच्या नाही. बाहेर उभं राहून कुणी लिहून घेत नाही.

१२. मुलाने किंवा मुलीने काही खासगी सांगितलं तर तुम्ही ते गुप्त ठेवाल ना?

बरंच काही ठेवू. मार्क, भांडण, कुणी आवडतं, घरातल्या पैशाची ओढाताण या गोष्टी केंद्राबाहेर जात नाहीत. पण एक गोष्ट गुप्त ठेवता येत नाही, आणि हे आम्ही प्रत्येक गटाला पहिल्याच आठवड्यात, कुणी काही सांगायच्या आधी, स्पष्ट सांगतो.

अठरा वर्षांखालच्या कुणावर लैंगिक अत्याचार झालाय किंवा होण्याची शक्यता आहे असं समजलं, तर पोक्सो कायद्याच्या (२०१२) कलम १९ प्रमाणे ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ‘बंधनकारक’ म्हणजे खरंच बंधनकारक : न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत शिक्षा आहे, आणि संस्थाप्रमुखाने आपल्याच हाताखालच्या माणसाचं प्रकरण दाबलं तर एक वर्षापर्यंत. ‘आधी आपण आपल्यात बघू’, ‘मुलीचं नाव खराब होईल’, ‘तो आपल्याच मंडळाचा आहे’ यातलं एकही कारण चालत नाही. मुलाचं नाव, शाळा, फोटो बाहेर फुटणार नाही याचीही काळजी कायद्याने घ्यायला लावली आहे.

म्हणून ‘ताई, कुणाला सांगणार नसशील तर सांगते’ असं कुणी म्हटलं की आम्ही हो म्हणत नाही. ‘तुला धोका असेल तर मला सांगावंच लागेल, पण तुला सांगितल्याशिवाय, तुझ्या पाठीमागे काही करणार नाही’ असं म्हणतो. हे वाक्य नवीन कार्यकर्त्यांकडून घोकून घेतो. ऐनवेळी दुसरंच तोंडातून निघतं.

१३. पण सतरा वर्षांची मुलगी आणि तिचा मित्र, दोघं स्वखुशीने एकत्र असतील तर?

कायद्याच्या नजरेत अठराच्या आत संमती धरली जात नाही. प्रश्न १२ मधलं बंधन इथेही लागू होतं. हे बऱ्याच मुलामुलींना आणि त्यांच्या आईबापांना माहीतच नसतं, आणि कळतं तेव्हा मुलगा कोठडीत असतो. आम्हाला वैयक्तिक विचाराल तर यात पोरांची फरपट होते. पण आम्हाला काय वाटतं यावर कायदा चालत नाही, म्हणून हे नववीच्या गटापासून उघड बोलतो. मुलींशी ताई, मुलग्यांशी दादा.

याच वयातलं दुसरं : मुलीचं लग्न ठरवलंय आणि ती अठराची नाही. मुलीला १८ आणि मुलाला २१ पूर्ण लागतात. पत्रिका छापायच्या आधी कळलं तर आई-वडिलांशी बोलून बहुतेकदा थांबतं. हॉल ठरला असेल तर चाइल्डलाइनच्या १०९८ वर फोन करा. हा नंबर चोवीस तास आणि मोफत आहे. घरात नवऱ्याची मारहाण होत असेल तर बाईने महिला हेल्पलाइनचा १८१ किंवा तातडीच्या मदतीचा ११२ लावावा, किंवा दुपारच्या वेळेत इथे यावं. शिवणाची पिशवी हातात असली की घरात कुणी विचारत नाही कुठे चाललीस.

१४. फोटो काढता का? स्टेटसला टाकता का?

कार्यक्रमाचे, पाठमोरे किंवा हातांचे. चेहरा दिसत असेल तर पालकांची सही. देणगीदार ‘हॅपी फेसेस’ मागतात, त्यांना रांगोळीचा फोटो पाठवतो.

१५. हॉल लग्नाला, बारशाला, तेराव्याला मिळेल का?

अभ्यासिकेची वेळ सोडून आणि परीक्षेचे दोन महिने सोडून बारसं, डोहाळजेवण, शोकसभा चालते. लग्न नाही. जागा पुरत नाही आणि रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद म्हटलं की वादावादी ठरलेली. अपवाद एकच, मयत. घर इतकं लहान असतं की आलेल्या माणसांना बसायला जागा नसते. अशा वेळी कुठलाही वर्ग रद्द करून दार उघडतो, मुलं स्वतःच चटया नेऊन देतात.

१६. तुम्ही कुठल्या पक्षाचे? कुठल्या समाजाचे?

नगरसेवक कुठल्याही पक्षाचे असोत, पाण्याची टाकी मागायला जातो. टाकीवर नाव रंगवतात, रंगवू दे. केंद्राच्या दारावर बॅनर मात्र नाही आणि निवडणुकीच्या काळात खोली कुणालाच नाही. हे तोंडी सांगून भागत नाही, म्हणून ठराव करून भिंतीवर लावलाय.

सण म्हणाल तर मुलांनीच यादी केली : १४ एप्रिल, ईद, गणपती, नाताळ, सावित्रीबाईंची जयंती. एकदा ‘सगळे सण नकोत, भांडणं होतात’ असं मोठ्यांनी ठरवलं होतं. मुलांनी शीरखुर्म्याचं कारण पुढे करून तो ठराव मोडून काढला.

१७. मला स्वयंसेवक व्हायचंय, पण फक्त शनिवारी वेळ आहे.

शनिवार चालेल, पण सलग सहा महिन्यांचे सगळे शनिवार हवेत. ताई आज येणार म्हणून मूल वही घेऊन दारात बसतं, आणि ताई ट्रेकला गेलेली असते. ज्यांना वर्षातून एकदाच जमतं त्यांनी रंगकाम करावं, वायरिंग बघावं, हिशेब तपासावे. मुलांमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाची ओळखपत्राची प्रत, दोन ओळखीच्या माणसांचे नंबर आणि पोलिस पडताळणी घेतो. मुलाबरोबर बंद दाराआड एकट्याने बसायचं नाही, हा नियम सर्वांना लागू आहे, डॉक्टर असा वा समुपदेशक. दाराला काच आहे.

१८. जुने कपडे, पुस्तकं, संगणक द्यायचेत. घेऊन जाल का?

आधी विचारा. दहा वर्षांपूर्वीच्या अभ्यासक्रमाची गाईडं, बटणं तुटलेले शर्ट आणि चालू न होणारे मॉनिटर परत न्यायला टेम्पो लागतो आणि त्याचं भाडं आम्हाला पडतं. खरी गरज सांगू? चालू वर्षाची पुस्तकं, ट्यूबलाइट, सॅनिटरी पॅड, कॅरमची पावडर आणि एका महिन्याचं वीजबिल.

पैसे देणार असाल तर रोख दोन हजारांच्या वर देऊ नका, त्यावर आयकरातली देणगीची सवलत (८०जी) मिळत नाही. कंपनीचा सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा निधी हवा असलेल्या संस्थेकडे आयकर खात्याची १२ए, ८०जी आणि कंपनी खात्याची सीएसआर-१ नोंदणी असावी लागते, हे नव्या मंडळांनी लक्षात ठेवावं.

१९. आमच्या एसआरए इमारतीत एक खोली रिकामी आहे. आम्हीही असं केंद्र सुरू करू शकतो का?

झोपडपट्टी पुनर्वसन (झोपु, म्हणजेच एसआरए) योजनेच्या इमारतींत बालवाडी, सोसायटी ऑफिस आणि कल्याण केंद्र यांसाठी जागा ठेवलेली असते. तिची पुढे गोदाम, कुणाचं संपर्क कार्यालय किंवा पंपाच्या सामानाची खोली होते. तुमच्या मंजूर नकाशात ती खोली कशासाठी दाखवलीय ते आधी पाहा. मग सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत ठराव करून घ्या. अध्यक्षांनी ‘वापरा हो’ म्हणणं पुरत नाही, अध्यक्ष बदलतात. जागा दुसऱ्या कुणाकडून घेत असाल तर लिव्ह अँड लायसन्स लेखी आणि नोंदणीकृत हवा.

संस्थेची नोंदणी पहिल्या दिवशी लागत नाही. सहा महिने आधी रोज उघडून दाखवा. टिकलात तर सात माणसं जमवून १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली संस्था नोंदवा. महाराष्ट्रात तिची नोंद धर्मादाय आयुक्तांकडे सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखालीही होते. सात जणांत एकाच घरातले चार घेऊ नका. कार्यकारिणी बदलली की नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो, आणि तो न दिल्यामुळे जुन्या मंडळांची कामं वर्षानुवर्षं अडकलेली आहेत. दरवर्षी लेखापरीक्षण करा. जेमतेम चाळीस हजारांचा हिशेब असला तरी.

खोली निवडताना सजावटीपेक्षा या गोष्टी बघा : बाहेर पडायला मोकळी वाट, ओव्हरलोडला आपोआप पडणारा विजेचा खटका (एमसीबी), शौचालय (प्रश्न ७), आणि किल्ली कोणाकोणाकडे राहणार (प्रश्न ६).

२०. पुनर्विकासात खोली गेली तर?

आमची एकदा गेली आहे. दोन पावसाळे एका शाळेच्या व्हरांड्यात काढले. बिल्डरशी बोलताना एकटी संस्था म्हणून जाऊ नका, सोसायटीच्या मागण्यांच्या यादीत ‘केंद्राची जागा, तळमजला किंवा पहिला मजला’ हे सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्या. सातव्या मजल्यावर मिळालेल्या खोलीत लहान मुलं येत नाहीत, आणि लिफ्टवरून सोसायटीशी रोज वाद.

२१. आणि केंद्र बंदच करावं लागलं तर?

मोठमोठी बंद झाली आहेत. हल हाउसच्या नावाने शिकागोत काम करणारी संस्था पैशाअभावी जानेवारी २०१२ मध्ये बंद पडली. म्हणून हे आधीच ठरवून ठेवावं. संस्था विसर्जित करायला पाचांतल्या तीन सभासदांची संमती लागते, आणि उरलेली मालमत्ता सभासदांना वाटून घेता येत नाही, ती तशाच दुसऱ्या संस्थेला द्यावी लागते.

कागदोपत्री व्हायचं ते होईल. त्याआधी मुलांना निदान दोन महिने अगोदर सांगा, अभ्यासिकेच्या पोरांना दुसरी जागा शोधून द्या आणि कपाटात ठेवायला दिलेले दाखले, मार्कशीट, जातीचे दाखले ज्याचे त्याला सही घेऊन परत करा. आमच्या कपाटात या घडीला एकशेचार पाकिटं आहेत. पावसात घर गळतं म्हणून लोक ती इथे ठेवतात.